मुंगीचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याचा नव्हे, आणि रद्दीवाल्याचा तर मुळीच नव्हे. मी तान्ह्या बाळांचा काटा आहे. मित्रांनो, हा फरक आधीच सांगितलेला बरा, कारण माणसांना फरक कळत नाहीत. त्यांना एक सांगावं तर ती दुसरं ऐकतात आणि शेजाऱ्यांना तिसरंच सांगतात. अशा लोकांना आकडे सांगण्यात माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझं बूड बिडाचं आहे, दांडी पितळेची. दांडीवर बारीक खाचा आहेत आणि त्यांवरून दोन गोळे सरकतात. मोठा गोळा किलो सांगतो, छोटा गोळा दहा-दहा ग्रॅम. सगळ्यांत वर होडीसारखं खोलगट पांढरं पारडं. मी तयार झालो तेव्हा जाड चष्म्याचा एक तपासनीस आला. त्याने पेटीतून एकेक वजन काढून माझ्या पारड्यात ठेवलं, दांडी थांबेपर्यंत श्वास रोखून पाहिलं आणि कागदावर लिहिलं. शेवटी माझ्या बुडावर शिक्का मारून तो म्हणाला, "हा चुकणार नाही." उभ्या आयुष्यात मला पुरता आदर वाटला तो त्या एका माणसाबद्दल. तो मला पुन्हा कधी भेटला नाही. आदर टिकला तो बहुधा त्यामुळेच.

पुढे मी एका मोठ्या दवाखान्यात कामाला लागलो. हजारो बाळं माझ्या पारड्यात आली. त्यांतल्या निम्म्यांनी मला भिजवलं. त्याचा मला राग नाही, ती बाळं होती. राग आहे तो त्यांच्या घरच्यांचा. कुणी म्हणायचं, "आमच्या घराण्यात चार किलोच्या खाली कुणी जन्मतच नाही, काटा बघा जरा." कुणी म्हणायचं, "दोन किलो सातशे? जवळजवळ तीनच म्हणायचं." दोन किलो सातशेला जवळजवळ तीन म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलणार? नाचता येईना अंगण वाकडं, आणि बाळ भरेना तर काटा वाकडा!

मग विजेवर चालणारे काटे आले. चपटे, गुळगुळीत, लाल आकडे दाखवणारे. कानामागून आले आणि तिखट झाले. मला स्टोअरच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथे मोडक्या चाकाच्या खुर्च्या होत्या, सलाईनचे वाकलेले स्टँड होते आणि एक घड्याळ होतं, ते कायम सव्वाचार दाखवायचं. त्या मंडळींत मी अकरा वर्षं काढली. मी एकटाच बरोबर होतो, पण मला विचारायला कुणी येत नव्हतं.

त्याच दवाखान्यात, दोन मजले वर, एका मुलीने एकशे सत्तावन्न दिवस काढले. हे मला नंतर तिच्या घरी कळलं. ती साडेतीन महिने आधी जन्मली होती, आठशे साठ ग्रॅमची. वॉर्डातल्या सिस्टर तिला मुंगी म्हणायच्या, आणि तेच नाव तिला चिकटलं. फुप्फुसं कच्ची होती. काळजाला एक भोक होतं. नाकातल्या एका नळीने तिच्या पोटात दूध जायचं आणि दुसऱ्या नळीने प्राणवायू. आईबाप पाच महिने काचेबाहेर उभे राहून तिला बघत होते. हात धुऊन धुऊन आईच्या बोटांची सालं निघाली होती.

मुंगी तीन किलो एकशे चाळीसची झाली तेव्हा तिला घरी सोडलं. पण मोकळं सोडलं नाही. रोज सकाळी पहिल्या दुधाआधी, अंगावर एकही कपडा न ठेवता तिचं वजन करायचं, वहीत लिहायचं आणि दवाखान्यात फोन करून सांगायचं. वजन सलग घटत गेलं तर तिला परत आणायचं.

तिच्या बापाने त्यासाठी नवाकोरा चपटा काटा आणला. मुंगी त्याच्यावर हात-पाय हलवू लागली की तो एकदा तीन किलो शंभर म्हणायचा, एकदा तीन तीनशे, आणि मधेच दोन नऊशे. तिसऱ्या दिवशी आई त्या काट्यासमोर बसून रडली. घरी बघायला येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "थांबा. आमच्या स्टोअरमध्ये एक जुना दांडीचा पडलाय. दिसायला भंगार आहे, पण खोटं बोलत नाही."

या वाक्याचा पहिला भाग मी ऐकला नाही असं समजतो.

असा मी त्या घरी आलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत मुंगीचा पलंग. शेजारी प्राणवायूचं यंत्र दिवसभर घरघरत असायचं, आणि कोपऱ्यात लोखंडी नळकांडं, वीज गेली तर असावं म्हणून. खिडकीखालचं टेबल रिकामं करून मला तिथे ठेवलं.

त्या घरात तीन मोठी माणसं होती. मुंगीचा बाप फरशा बसवायचं काम करायचा. त्याने मला टेबलावर ठेवलं आणि आतून आपली पाणसळ आणली. तिच्या नळीतला हवेचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्याने टेबलाच्या एका पायाखाली घडी केलेला पुठ्ठा सारला. मी मनात म्हटलं, चला, सपाट म्हणजे काय हे कळणारा एक माणूस भेटला. आई जमिनीच्या मोजणीचे नकाशे काढायची. सध्या ती रजेवर होती. रेघ केसभर सरकली तर दोन शेजारी आयुष्यभर भांडतात हे तिला ठाऊक होतं. छोटा गोळा ती इतक्या हलक्या बोटाने सरकवायची की मला तो तपासनीसच आठवायचा.

तिसरे होते बापाचे वडील. हे म्हातारे आजोबा चाळीस वर्षं बेकरीत पाव करत होते आणि त्या चाळीस वर्षांत त्यांनी काट्याला हात लावला नव्हता. मळलेल्या मैद्याच्या ढिगातून मुठीने गोळा तोडायचे आणि साच्यात फेकायचे. "हाताला कळतं," असं ते अभिमानाने सांगायचे. हाताला कळतं! मित्रांनो, माझ्यासारख्यांचा जन्म कशासाठी झाला मग? पहिल्या दिवशी मला बघून ते म्हणाले, "छान आहे. पण पोरगी काय पाव आहे, रोज तोलायला?" त्या क्षणापासून मी त्यांना माझ्या हिशेबातून वजा केलं. अंदाजपंचे कारभार करणारा माणूस माझ्या लेखी शून्य.

रोज सकाळी साडेसहाला आई मुंगीला माझ्याकडे आणायची. पारड्यात मऊ फडकं घालायची, मला शून्यावर आणायची. मग मुंगी. तिच्या नाकातली नळी आई एका हाताने वर धरायची, कारण नळीचंही वजन असतं. हे किती लोकांच्या लक्षात येईल? दांडी वर-खाली व्हायची, हळूहळू थांबायची. आई आकडा मोठ्याने वाचायची, बाप वहीत लिहायचा.

आणि मग सुरू व्हायचे फोन. मुंगीच्या मावशीचा पहिला. "किती भरली? एवढीच? आमच्या समोरच्यांचं बाळ तर दोन महिन्यांत पाच किलो झालं." समोरच्यांच्या बाळाचा इथे काय संबंध? पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आईच्या ऑफिसातले साहेब फोनवर म्हणायचे, "काळजी करू नका, सगळं छान होणार." त्यांना ते कुठून कळलं होतं, देव जाणे. बापाचा एक मित्र रोज विचारायचा, "स्कोअर काय?" जणू मुंगी मैदानात उतरली होती.

सगळ्यांत वरचढ होत्या वरच्या मजल्यावरच्या काकू. बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून कुणालाही आत घ्यायचं नाही, असं दवाखान्याने बजावलं होतं. काकूंनी दारात उभं राहून "मी लांबूनच बघते हो" म्हटलं, आणि लांबूनच बघत बघत त्या पलंगापर्यंत आल्या. तिथे त्यांना शिंक आली.

"काकू, बाहेर!" बाप ओरडला.

"अरे, ही धुळीची शिंक आहे, सर्दीची नाही." आणि जाता जाता म्हणाल्या, "किती बारीक आहे गं! दूध देता ना तिला वेळेवर?"

एकशे सत्तावन्न दिवस काचेबाहेर उभ्या राहिलेल्या बाईला हा प्रश्न! माझ्या दांडीला हात असते तर मी काकूंचंच वजन करून जिन्यात मोठ्याने वाचून दाखवलं असतं.

नवव्या दिवशी मुंगीचं वजन वीस ग्रॅमने घटलं. दहाव्या दिवशी आणखी वीस. सिस्टर फोनवर म्हणाल्या, "उद्याही कमी आलं तर घेऊन या. बघावं लागेल."

अकराव्या सकाळी आईने मुंगीला पारड्यात ठेवलं आणि ती दूध कोमट झालं का ते बघायला वळली. बाप माझ्याजवळ होता. त्याने हळूच आपला अंगठा पारड्याच्या कडेवर टेकवला. अगदी हलका, पण मला काय ते कळलं. दांडी खोटंच वर गेली. ज्या माणसाने मला पाणसळ लावून सपाट बसवलं, तोच!

आई वळली. तिने आकडा पाहिला, मग अंगठा पाहिला.

"अंगठा काढ."

"अगं, दहा-वीस ग्रॅमचाच तर प्रश्न आहे."

"अंगठा काढ म्हणते ना."

"परत नेलं तर परत सोडतील कशावरून?" त्याचा आवाज फाटला. "मला त्या काचेबाहेर उभं राहायचं नाही आता. मला नाही जमणार."

"मला जमतंय का?" आई म्हणाली. "खोट्या वजनाने तिचं पोट भरणार आहे का? काढ."

त्याने अंगठा काढला. दहा ग्रॅम कमी. आईने तेच लिहिलं, तेच फोनवर सांगितलं. मी मनातल्या मनात फुगलो. या घरात खरं बोलणारे आम्ही दोघंच, ती आणि मी, असं मला वाटलं. डॉक्टरांनी फोनवरच दूध वाढवायला सांगितलं, त्यात घालायची एक पूडही सुरू केली. परत न्यावं लागलं नाही. चार दिवसांत दांडी वर जाऊ लागली. बापाकडे मी त्यानंतर कितीतरी दिवस तुच्छतेनेच पाहत होतो. भेकड माणूस, दुसरं काय!

मग ते दिवस आले, ज्यांची मला अजून लाज वाटते. तेव्हा मात्र मला आपल्याइतकं थोर कुणी वाटत नव्हतं.

मुंगी तीन किलो दोनशे ऐंशीला पोचली होती. दुसऱ्या दिवशी तीन तीनशे पन्नास. एका दिवसात सत्तर ग्रॅम! आईने दोनदा पाहिलं. पुढच्या दिवशी तीन चारशे तीस. आई हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हसताना तिचा डावा गाल जरा जास्त वर जायचा. बाप कामावर जाताना जिन्यात शीळ घालत गेला. त्या दिवशी आईने मला मऊ कापडाने पुसलं, दांडीच्या खाचांमधली धूळ काडीने काढली आणि म्हणाली, "सोन्यासारखा काटा आहे हा." तपासनीसानंतर माझं कौतुक करणारी ती पहिलीच. पुढच्या दिवशी तीन पाचशे वीस. नेहमीच्या सिस्टर रजेवर होत्या. फोनवर दुसऱ्याच कुणी तरी आकडा लिहून घेतला आणि "छान, छान" म्हणून फोन ठेवला. काकू दारातून म्हणाल्या, "बघा, गाल कसे भरलेत! मी म्हटलंच होतं, दूध वेळेवर द्या."

सगळं घर माझ्या दांडीकडे बघत होतं. सकाळी मुंगी उठली की आधी माझ्याकडे, आणि मग तिच्या तोंडाकडे. कधी कधी तेही नाही. मला यात काही वावगं दिसलं नाही. बघायचं तर बरोबर असणाऱ्याकडेच बघावं ना?

पुढच्या सकाळी बाप लवकरच कामावर गेला होता आणि आजोबा मुंगीचं अंग कोमट पाण्याच्या फडक्याने पुसत होते. हे एक काम त्यांना दिलेलं होतं. ते पायमोजे काढत होते आणि मधेच थांबले.

"पोरी, जरा इकडे ये."

"आले बाबा. आधी वजन करू या, दुधाची वेळ होतेय."

"वजन राहू दे. हे बघ." मोज्याच्या कडेची खोल रेघ मुंगीच्या घोट्याभोवती उमटली होती. त्यांनी तिच्या पावलावर आपला अंगठा हलकेच दाबला आणि उचलला. तिथे खळगा पडला. तो तसाच राहिला.

"मोजा घट्ट झालाय," आई म्हणाली. "वाढतेय ना ती. मोठे घेऊ."

"मोज्याचं नाही म्हणत मी. मैदा नीट मळला की बोट दाबलेलं वर येतं. पाणी जास्त झालं की खड्डा तसाच राहतो. हे मांस नाही पोरी. पाणी आहे."

आईचा चेहरा बदलला. "बाबा, तीन दिवसांत जवळजवळ पाव किलो वाढलीय ती. पाच महिने एकेका ग्रॅमसाठी बसलो आम्ही. आणि आता कुठे वाढतेय तर तुम्ही म्हणता पाणी? काटा खोटा बोलतोय का?"

मी म्हटलं, शाब्बास! विचारा त्यांना!

"काटा खरंच बोलतोय," आजोबा म्हणाले. "पण आपण कशाचं वजन केलं ते काट्याला कुठे ठाऊक?"

"तुम्ही आयुष्यात एकदा तरी काटा वापरलात का?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच कसंसं झालं. सासऱ्यांशी ती असं कधी बोलत नसे. आजोबांनी फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि बाजूला ठेवलं.

"नाही वापरला," ते शांतपणे म्हणाले. "मला नाही कळत त्यातलं. माझं खोटं निघालं तर बरंच होईल. तू एकदा दाबून बघ."

आई बसली. तिने दुसऱ्या पावलावर अंगठा दाबला. उचलला. खळगा पडला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मनात आकडे मोजत असावी, मोजायची सवयच होती तिला. खळगा भरला नाही.

मग तिने मुंगीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. पापण्या जड झाल्या होत्या, डोळे बारीक दिसत होते. काकूंनी भरलेले म्हटलेले गाल चकाकत होते. कपाळावर घाम होता, आणि खोली तर गार होती. बरगड्यांखाली पोट भराभर आत-बाहेर होत होतं.

"कालपासून लंगोट दोनच भिजलेत," आई पुटपुटली. "मला वाटलं..." ती फोनकडे धावली. यावेळी तिने आकडा सांगितला नाही. ती म्हणाली, "तिच्या पायावर खळगा पडतोय. श्वास जोरात चाललाय. लघवी कमी झालीय."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आई "निघतो" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बाप कामावरून धावत आला. त्याच्या हाताला ओलं सिमेंट होतं. मुंगीला हात लावण्याआधी त्याने ते कोपरापर्यंत धुतलं, आणि धुताना साबण दोनदा खाली पडला. आजोबांनी प्राणवायूचं नळकांडं खांद्यावर घेतलं. त्या वयात! आई मुंगीला छातीशी धरून पुढे, तिच्या नाकातली नळी आजोबांच्या खांद्यापर्यंत, आणि तिघं एका चालीने जिना उतरत गेले. बाप खाली गाडीचं दार उघडून उभा होता.

घर रिकामं झालं. यंत्र बंद झालं. इतकी शांतता मी स्टोअरमध्येही ऐकली नव्हती.

मित्रांनो, माझ्या दांडीवर कालचा आकडा तसाच होता. तीन किलो पाचशे वीस. तो बरोबर होता. एका ग्रॅमची चूक नव्हती. माझी चूक असती तर मला बरं वाटलं असतं. ते भेकड बापाचं बोट, ती काकूंची जीभ, ते फोनवाल्या बाईचं "छान, छान", या सगळ्यांना मी मनातून हसत आलो होतो. पण खरा आकडा सांगून एका आईला तिच्या मुलीकडे न बघायला मी शिकवलं होतं. मला वाटत होतं, मला सगळं कळतं. मला फक्त जड आणि हलकं कळत होतं. मुंगीचं काळीज थकत चाललं होतं, अंगात पाणी साचत होतं, आणि मी तीन दिवस त्या पाण्याची बढाई मारत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आजोबा कपडे घ्यायला घरी आले. डोळे खोल गेले होते. पिशवी भरून झाल्यावर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता उचलून भंगारात देणार. त्यांच्या जागी मी असतो तर दिलं असतं.

त्यांनी खिशातल्या रुमालाने माझ्या पारड्यावरची धूळ पुसली. मग दोन्ही गोळे एकेक करून शून्यावर आणले. मोठा गोळा त्यांच्याकडून आधी उलटाच सरकला, सवय नव्हती ना.

"तुझं काय चुकलं म्हणा," ते म्हणाले, आणि कुलूप लावून गेले.

ज्या माणसाला मी शून्य म्हणत होतो, त्याने मला शून्यावर आणलं. मला कुणी असं टाकून बोललं असतं, तर मी त्याला एवढ्या सहज सोडलं असतं का? मला काकू आठवल्या आणि मी विषय बदलला.

नऊ दिवसांनी जिन्यात आवाज झाला. आधी आजोबा आणि नळकांडं, मग आई, तिच्या हातात मुंगी, आणि मागून बाप. त्याच्या हातात औषधाच्या तीन बाटल्या होत्या. एक काळजासाठी, दोन लघवी होण्यासाठी. यंत्र पुन्हा घरघरू लागलं. आईने मुंगीला माझ्या पारड्यात ठेवलं. तीन किलो दोनशे दहा. तीनशे दहा ग्रॅम कमी.

"दोनशे दहा!" बाप ओरडला आणि त्याने टाळी वाजवली. वजन घटलं म्हणून टाळी वाजवणारा बाप मी पहिल्यांदाच पाहिला.

काकू दारात आल्याच. यावेळी उंबऱ्याबाहेर थांबल्या, एवढं मान्य करायला हवं. "अगंबाई, पुरती वाळली की पोर!"

"हो काकू," आई हसून म्हणाली, "मस्त वाळली!"

काकूंना काही कळलं नाही. त्यांना कधी काय कळलंय!

त्यानंतर माझा क्रमांक घसरला. सकाळी आई आधी मुंगीच्या पायांवर अंगठा दाबायची, मग पापण्या बघायची, मग तिच्या पोटाचं हलणं मनात मोजायची, मग लंगोटांचा हिशेब. त्यानंतर मी. पाचवा! बापालाही तिने हे शिकवलं. त्याचा तो खोटं बोलणारा अंगठा मुंगीच्या पावलावर कसा अलगद टेकायचा ते बघून मला जरा राग आला, जरा नाही आला. एकदा तो आईला म्हणाला, "श्वास आज जास्त वाटतोय. आकडा चांगलाय, तरी फोन करतो." आणि केला. काही निघालं नाही. सिस्टर म्हणाल्या, "तरी फोन केलात ते बरं केलंत." याला भेकड म्हणायचं की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही.

महिने गेले. काळजातलं भोक बारीक होत गेलं. डॉक्टर म्हणाले, कापाकापी करावी लागणार नाही. दूध तोंडाने जाऊ लागलं आणि नाकातली दुधाची नळी निघाली. प्राणवायू आधी दिवसा सुटला, मग पुरता. मुंगी सहा किलोची झाली. पारड्यात ती झोपेना, उठून बसायची आणि छोटा गोळा पकडून ओढायची. एकदा तिने तो दांडीच्या टोकापर्यंत नेला आणि हसली. त्या क्षणी मी तिचं वजन साडेसहा किलोच्या पुढे सांगत होतो. असा अपमान माझा कुणीच केला नव्हता. मी त्याबद्दल काही बोललो नाही.

शेवटी सिस्टर म्हणाल्या, "आता रोज नको. महिन्यातून एकदा दवाखान्यात करू. काटा तुमच्याकडेच राहू दे, आमच्याकडे जागा नाही."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आई उठली, मुंगीचे कपडे काढले आणि सवयीने माझ्यासमोर आली. फडकं पारड्यात घातलं. मग थांबली.

"अगं, आज नाहीच," ती स्वतःशी म्हणाली. ती तशीच उभी राहिली. मुंगीने तिचे केस मुठीत धरून ओढले. आत आजोबा चहा टाकत होते. आई तिला तशीच उघडी घेऊन आत गेली, आणि आतून हसण्याचा आवाज आला. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, आता माझ्या पारड्यात मुंगीचे घडी घातलेले कपडे असतात. मी काही टोपली नाही, हे तुम्ही तरी लक्षात ठेवा. माझ्यासारखा काटा तुमच्या घरी असेल तर त्याला कोरड्या कापडाने पुसा. सपाट जागी ठेवा. तो सांगेल तो आकडा खरा माना, अंगठा लावू नका. पण पारड्यात ज्याला ठेवलंत त्याच्याकडे आधी बघा. हे सांगायला मला माझ्याहून शहाणा कुणी मिळाला नाही, कारण बाकीचे सगळे अजून चहाच पीत आहेत.

आजच्या कपड्यांचं वजन एक किलो एकशे सत्तर ग्रॅम आहे. कुणी विचारलेलं नाही. कुणाला विचारायची गरज पडू नये, असंच मला वाटतं.